सात नंबरचा कंदील

माझा आजा नरसू, बलदियाचा दिवाबत्तीवाला.
खांद्यावर शिडी, हातात घासलेटची बुधली,
काच पुसायचं फडकं कानावर टाकलेलं.
उदगीरच्या गल्ल्या त्याला खांबांवरनं पाठ होत्या,
नावांवरनं नाही.

एकवीस कंदील मंजूर.
एकविसांना पुरेल इतकंच तेल,
आणि ते मापून द्यायला रोज सांजेला स्वतः उभे
मन्मथप्पा हालिंगे,
आडतदार, तूर करडई सरकी,
बलदियाचे मेंबर.
कपाळावर भस्म, सदऱ्याआड शिवदोरा,
वर काळा बंद गळ्याचा कोट,
त्याचं एक बटण कायम तुटलेलं.
तालुकदारासमोर गेले की
हात बरोबर तिथं.

घरात कानडी, वहीत मोडी,
कचेरीत लिहवून घेतलेली उर्दू.
शिवी मात्र मराठीतच द्यायचे.
कंदिलांसाठी अकरा दरख्वास्ती केल्या त्यांनी,
अकराव्वीला कुणीतरी वैतागून सही केली.

तेल ओतताना माप तिरकं धरू द्यायचे नाहीत.
"नरसू, थेंब आपला न्हाई. गावचा हाय."
हाच माणूस दुकानात तूर मापताना
माप कसं धरायचा
ते आजा सांगत नसे.
हसायचा, आणि तंबाखू मळायचा.

रेल्वे आली तेव्हा इंजिनाला हार घालायला
मन्मथप्पाच पुढं.
वाफ अंगावर आली, फेटा खाली पडला,
तो धुळीतून उचलून
तसाच डोक्यावर ठेवून त्यांनी भाषण पुरं केलं.
म्हणाले, आता आपला माल मुंबईला जाईल.
माल गेला.
मग दोन-तीन वर्षांनी भाव गेला.
विलायतेत कायतरी पडलं म्हणे,
आणि इथं सरकीच्या पोत्यांवर बसलेली माणसं
एकदम गप्प झाली.

त्याच साली, फसली तेराशे एक्केचाळीस,
मजलिशीत मन्मथप्पा उठले.
सात नंबरचा कंदील काढावा,
आणि तेली गल्लीच्या उतारावर
खतीजाबी सुईणीच्या दाराशी लावावा.
मीर मजलिसांनी चष्मा वर केला.
"सेठ, सात नंबर तो आपके दरवाजे का?"
"जी हौ.
तिकडं माणसं जल्माला येतात.
माझ्याकडं नुसती येतात."

यावर गावात दोन बोलणी आहेत.
एक असं, की त्यांची धाकटी सून
अमावस्येच्या रात्री अडली होती,
बोलावू गेलेला गडी उतारावर पडला,
सुईण पोचली तेव्हा उशीर झाला होता.
दुसरं असं, की देणेकरी दाराशी यायला लागले होते,
हुंड्या परत फिरत होत्या,
आणि अब्रूदार माणसाला
संध्याकाळनंतर अंधार बरा पडतो.

आज्याला विचारलं, खरं कुठलं?
तो म्हणाला, मी वात बघत होतो.

पण एवढं सांगितलं त्यानं.
कंदील उतरवला त्या दिवशी
मन्मथप्पा ओट्यावर उभे होते,
हात बटणाच्या जागी,
समोर तालुकदार नसताना.
आजा खुंटी उपटायला लागला
तर म्हणाले, ती राहू दे.
का, ते नाही सांगितलं.
पुढं दुकान गेलं, कोट गेला, मेंबरकीही गेली,
तरी रोज दिवेलागणीला
शिडी ओट्यावरनं जाताना
अंधारातून आवाज यायचा,
"लावला का रे?"
"लावला जी."
तेवढंच.
एक दिवस आवाज आला नाही
तरी आजा सवयीनं "लावला जी" म्हणाला
आणि मग शिडी खाली ठेवून
जरा वेळ थांबला.

परवा उदगीरला गेलो होतो.
तिथं आता मोबाईलचं दुकान आहे,
शेजारी रसवंती.
भिंतीला चुन्याचे, रंगाचे किती थर चढलेत,
खुंटी मात्र त्यातून बोटभर बाहेर.
रसवंतीवाल्यानं तिला
लिंबांची पिशवी अडकवली होती.